न्यूमोनियाच्या चार्टवर 'सेप्सिस'ची क्वेरी टाकायला सांगतायत, टाकू का?

नवीन_इनपेशंट (ऐरोली):

नमस्कार मंडळी. इथे कोडिंगमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा प्लीज.

मी बीफार्म आहे, आधी दीड वर्ष अमेरिकन हॉस्पिटलांचे इमर्जन्सीचे चार्ट कोड करत होते आणि चार महिन्यांपूर्वी मला इनपेशंट डीआरजीच्या टीममध्ये घेतलं, म्हणजे भरती पेशंटचे आजार कोडमध्ये लिहायचे, त्यावरून त्याचा गट (डीआरजी) ठरतो आणि गटावर हॉस्पिटलचे पैसे. मागच्या आठवड्यात एक चार्ट आला (आकडे मुद्दाम थोडे बदलून लिहितेय, पेशंटची ओळख पटेल असं काही देत नाहीये). सत्तरी ओलांडलेल्या बाई, तीन दिवस ताप खोकला, एक्सरेत उजवीकडे खाली पॅच, ताप १०१.४, नाडी १०४, पांढऱ्या पेशी १३,८००. बीपी व्यवस्थित, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९४, लॅक्टेट नॉर्मल, किडनी नॉर्मल, पूर्ण शुद्धीत, नीट बोलत होत्या. शिरेतून दोन अँटिबायोटिक दिली आणि तिसऱ्या दिवशी बाई चालत घरी गेल्या. इमर्जन्सीच्या डॉक्टरने पहिल्या नोटमध्ये 'रूल आउट सेप्सिस' लिहिलंय, म्हणजे सेप्सिस नाही ना ते बघा, त्यानंतर वॉर्डच्या डॉक्टरांच्या एकाही नोटमध्ये सेप्सिस हा शब्द नाही, डिस्चार्ज समरीत फक्त न्यूमोनिया. मी 'जे १८.९' हा न्यूमोनियाचा कोड प्रिन्सिपल, म्हणजे मुख्य निदान, म्हणून टाकला, बाकी बीपी आणि थायरॉइड हे जुने आजार, ग्रुपर सॉफ्टवेअरने डीआरजी १९५ दिला, म्हणजे साधा न्यूमोनिया, कॉम्प्लिकेशन नाही.

दुसऱ्या दिवशी चार्ट परत. सेकंड लेव्हल रिव्ह्यूची कॉमेंट, 'ताप, नाडी, पांढऱ्या पेशी, क्रायटेरिया पूर्ण होतात, सेप्सिसची क्वेरी टाका.' क्वेरी म्हणजे कागदावरच्या निदानाबद्दल डॉक्टरला लेखी प्रश्न. क्वेरीचा साचा पण तयारच होता, त्यात वरती ठळक अक्षरात 'सेप्सिस क्लॅरिफिकेशन' आणि खाली दोनच पर्याय, एक म्हणजे न्यूमोनियामुळे सेप्सिस आणि दुसरा इतर. मी टीएलना (टीम लीडर) विचारलं तर ते म्हणाले क्लायंटचा कॅप्चर रेट (कॉम्प्लिकेशन नोंदलेल्या चार्टचं प्रमाण) या महिन्यात खाली आहे, १९५ ला जाणारा प्रत्येक चार्ट दोनदा बघायचा, आणि आपण खोटं कुठे लिहितोय, डॉक्टर हो म्हणाला तरच कोड लागेल ना.

आता ते शब्दशः खरंच आहे. मला कोणी खोटा कोड टाक असं म्हणालेलं नाही. पण मी एन्कोडरमध्ये (कोडिंगचं सॉफ्टवेअर) करून बघितलं, सेप्सिस वर गेला की डीआरजी ८७१ होतो आणि गटाचं वजन, म्हणजे ज्यावर पैसे ठरतात तो आकडा, अडीच पटीच्या वर जातं. बाई त्याच, औषधं तीच, तीन दिवस तेच.

मला हे इतकं लागलंय त्याचं कारण म्हणजे माझ्या आजोबांना सेप्सिस झाला होता. मिरजेला अकरा दिवस आयसीयूत होते, बीपी टिकवायला औषधाचा पंप, लघवी बंद झाली, आम्ही सगळे रात्रभर बाहेर बाकावर. तो शब्द माझ्यासाठी त्या बाकावरचा आहे. आणि इथे तो एका चालत घरी गेलेल्या बाईंच्या कागदावर चढवायचा म्हटल्यावर हात थांबला.

मी चुकीचा विचार करतेय का? की इनपेशंटमध्ये हे असंच असतं आणि सवय होईल? क्वेरी अजून माझ्या वर्कलिस्टमध्ये पडून आहे.

---

कोथरूडकर_सीसीएस:

अगं हात थांबला ते बरंच झालं. मी १४ वर्षं यात आहे, त्यातली शेवटची सहा ऑडिटला. सवय होईल असं मी तरी तुला सांगणार नाही.

आधी हे वजन असं उडी का मारतं ते समजून घे, कारण ट्रेनिंगमध्ये ते कोणी नीट सांगत नाही. न्यूमोनिया प्रिन्सिपल असला की डीआरजी १९३, १९४ किंवा १९५. १९३ मिळायला जोडीला मोठं कॉम्प्लिकेशन लागतं, म्हणजे एमसीसी, आणि १९४ ला छोटं, म्हणजे सीसी. तुझ्या बाईंना दोन्ही नाही म्हणून १९५. आता तिथे ए ४१.९ सेप्सिस आला तर नियमाप्रमाणे तो वर जातो आणि न्यूमोनिया खाली दुसऱ्या नंबरवर. आणि गंमत बघ, जे १८.९ स्वतः एमसीसीच्या यादीत आहे! म्हणजे जो न्यूमोनिया वर असताना 'साधा' होता तोच खाली सरकल्यावर मोठं कॉम्प्लिकेशन म्हणून मोजला जातो आणि थेट ८७१ मिळतो. एक शब्द आला आणि दोन पायऱ्या चढल्या. म्हणून सगळ्या हॉस्पिटलांचं लक्ष याच जोडीवर असतं आणि म्हणून ऑडिटवाल्यांचं पण.

हे काही आजचं नाही. १९८३ च्या आधी मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः वृद्धांसाठीचा अमेरिकन सरकारी विमा, हॉस्पिटलला झालेल्या खर्चाप्रमाणे पैसे द्यायची, त्यामुळे निदान काय लिहिलं याला पैशाच्या दृष्टीने फारशी किंमत नव्हती, पेशंट किती दिवस ठेवला आणि काय काय वापरलं याला होती. ऑक्टोबर १९८३ पासून डीआरजी आलं, येल विद्यापीठात फेटर आणि थॉम्पसन यांनी बनवलेलं, मुळात हॉस्पिटलचं काम मोजायला म्हणून. पेशंट कुठल्या गटात बसतो ते ठरलं की गटाचं वजन गुणिले हॉस्पिटलचा बेस रेट, संपलं. त्या दिवसापासून निदान म्हणजे किंमतीचं लेबल झालं. आणि डोनाल्ड सिम्बोर्ग नावाच्या डॉक्टरांनी तर १९८१ मध्येच, म्हणजे मेडिकेअरने सुरू करायच्या दोन वर्षं आधी, 'डीआरजी क्रीप' असं नाव देऊन लिहून ठेवलं होतं की हॉस्पिटलं हळूहळू वरच्या गटात सरकत जातील.

सरकलीच. लीमोर डॅफनी या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा २००५ चा पेपर मी आमच्या नवीन बॅचला आवर्जून सांगते. १९८८ पर्यंत बऱ्याच गटांत वय ७० किंवा जास्त असलं की पेशंट आपोआप 'कॉम्प्लिकेशनसह' मध्ये जायचा. त्या वर्षी वयाची अट काढली, त्यामुळे वरच्या आणि खालच्या गटाच्या दरातलं अंतर काही जोड्यांमध्ये खूप वाढलं आणि काहींमध्ये थोडंच. बाईंनी बघितलं की जिथे अंतर जास्त वाढलं तिथेच 'कॉम्प्लिकेशनसह' चे पेशंट जास्त वाढले, आणि उपचार काही त्या प्रमाणात वाढले नव्हते. सर्वात जास्त हे नफ्यावर चालणाऱ्या हॉस्पिटलांमध्ये. न्यूमोनियावरच दुसरा अभ्यास आहे, सिल्व्हरमन आणि स्किनर यांचा, १९८९ ते १९९६ चा. महागड्या न्यूमोनिया गटाचा वाटा धर्मादाय हॉस्पिटलांत १० टक्के पॉइंटने वाढला, नफ्यावाल्यांत २३ ने, आणि जी मधल्या काळात धर्मादायची नफ्यावाली झाली त्यांच्यात ३७ ने. सात वर्षांत जंतू बदलले नाहीत ना, मालक बदलले.

आणि क्वाशिऑरकर तर तुला माहीतच असायला पाहिजे. आपण मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्या वाचलेली माणसं, आपल्याला तो आजार म्हटला की सुजलेली लहान मुलं आठवतात. अमेरिकेत तो कोड म्हाताऱ्या, खातापिता असलेल्या मेडिकेअर पेशंटवर लागत होता. आयसीडी ९, म्हणजे आजारांच्या कोडची तेव्हाची यादी, तिच्या इंडेक्समध्ये 'प्रोटीन मालन्यूट्रिशन' शोधलं की २६० वर जायचं, आणि २६० म्हणजे क्वाशिऑरकर आणि तो एमसीसी. सरकारच्या ओआयजीने (आरोग्य खात्याचं तपासणी कार्यालय) २५ हॉस्पिटलांचे २,१४५ क्लेम तपासले, त्यातला एक सोडून सगळे चुकीचे निघाले, ६० लाख डॉलरच्या वर पैसे जास्त गेलेले. यातल्या किती कोडरला माहीत होतं आणि किती जण नुसते इंडेक्सच्या मागे गेले हे मी नाही सांगू शकत, पण कोड 'इंडेक्सप्रमाणे बरोबर' होता आणि पेशंटला तो आजार नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

आता तुझ्या क्वेरीचं. क्वेरी वाईट नाही, तिच्याशिवाय आपलं काम चालणारच नाही. डॉक्टर 'युरोसेप्सिस' लिहितात, त्याला कोडच नाही, विचारावंच लागतं. बायपॅपवर (श्वासाला मदत करणारं मास्कचं मशीन) ठेवलेल्या माणसाच्या कागदावर फक्त 'दम लागतोय' असतं, तिथे न विचारणं म्हणजे त्या माणसाचा आजार कमी दाखवणं. पण तुझ्या चार्टमध्ये काय आहे? सेप्सिस म्हणून कोणी त्याच्यावर वेगळा विचार, तपासणी, उपचार, जास्तीची देखरेख काही केली का? पहिल्या नोटमधली शंका होती, ती पुढच्या डॉक्टरने उचलली नाही. 'रूल आउट' हे डिस्चार्जच्या वेळी उभं असेल तरच आपण कोड करतो, पहिल्या तासातलं नाही.

माझं मत असं, विचारायचंच असेल तर प्रश्न सरळ विचार. 'पहिल्या नोटमध्ये सेप्सिसची शंका आहे, नंतर उल्लेख नाही, ती शंका पुढे टिकली की निकालात निघाली?' सगळे आकडे लिही, फक्त ताप आणि नाडी नाही, नॉर्मल लॅक्टेट, नॉर्मल बीपी पण लिही. पर्यायात 'सेप्सिस नाही, फक्त न्यूमोनिया' आणि 'सांगता येत नाही' हे दोन्ही हवेत. शीर्षकात सेप्सिस नको, उत्तर आधीच सुचवलं जातं. पैशाचा शब्द तर कुठेच येता कामा नये. अहिमा आणि अ‍ॅक्डिस या कोडिंग आणि नोंदींच्या कामातल्या अमेरिकन संघटनांच्या क्वेरीच्या मार्गदर्शक सूचनांत हे सगळं आहे, २०२२ ची आवृत्ती बघ आणि टीएलना तीच मेलमध्ये लावून पाठव. 'मला पटत नाही' असं लिहिलंस तर वाद होईल, सूचनेतला परिच्छेद चिकटवलास तर त्यांना उत्तर द्यावं लागेल.

---

हिशेबी_माणूस:

थोडं उलट बोलतो, राग मानू नका. कोडरने क्लिनिकल निर्णय द्यायचाच नाही असा नियम आहे ना, २०१६ पासून गाइडलाइनमध्ये स्पष्ट लिहिलंय की डॉक्टरने आजार आहे म्हटलं की कोड लावायचा, क्रायटेरिया बसतात की नाही हे कोडरने बघायचं नाही. मग डॉक्टरने सही केली तर तुमचा प्रश्न कुठे उरतो? आणि समोरची बाजू काय साधू आहे का, इन्शुरन्सवाले रोज क्लेम खाली ओढतात, मेडिकेअरने जे रिकव्हरी ऑडिटर नेमलेत त्यांना वसुलीतले टक्के मिळतात, म्हणजे चूक शोधण्यात त्यांचा पण खिसा आहे. खेड्यातली हॉस्पिटलं बंद पडतायत. त्यांनी आपल्या हक्काचा पैसा का सोडायचा? आणि आपल्या इथल्या हजारो पोरांच्या नोकऱ्या याच कामावर आहेत हे पण विसरू नका.

---

कोथरूडकर_सीसीएस:

हिशेबी, हक्काचा पैसा सोडा असं मी म्हटलेलंच नाही, बायपॅपचं उदाहरण त्यासाठीच दिलं. आणि तो २०१६ चा नियम मला पाठ आहे, पण त्याच नियमामुळे तर क्वेरी कशी विचारली याला इतकं महत्त्व येतं. कोडरला डॉक्टरचं उत्तर खोडता येत नाही, म्हणून उत्तर काढून घेणारा प्रश्न हीच खरी जागा आहे जिथे गडबड होते.

हॉस्पिटलांचं म्हणाल तर हे ऐका. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये नवीन गट आले, त्यानंतर आजार वाढले नसताना कोडिंगमुळे वजनं वाढली असं मेडिकेअरच्या हिशेबात निघालं, आणि अमेरिकन संसदेने २०१२ च्या कायद्याने ११०० कोटी डॉलर वसूल करायला सांगितले, २०१४ ते २०१७ या चार वर्षांत. कोणाकडून? सगळ्यांकडून, बेस रेट कमी करून. ज्या खेड्यातल्या हॉस्पिटलने एक पण वाढीव शब्द लिहिला नव्हता त्याचा रेट पण तेवढाच कापला गेला. मग शेजारच्याने फुगवलेल्या कोडचे पैसे कोणी भरले ते सांगा.

आणि नोकऱ्या. फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्टमध्ये (सरकारला खोटं बिल लावण्याविरुद्धचा कायदा) तिप्पट नुकसानभरपाई आहे, कोलंबिया एचसीए या मोठ्या हॉस्पिटल कंपनीने २००० आणि नंतरच्या समझोत्यांत मिळून १७० कोटी डॉलर भरले, त्यात न्यूमोनियाचं कोडिंग फुगवल्याचा आरोप पण होता. असलं काही क्लायंटवर आलं तर पहिलं काँट्रॅक्ट आपलंच जाईल.

---

ओहायोतला_वैद्य:

मी मूळचा नागपूरचा, इथे एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात हॉस्पिटलिस्ट आहे, म्हणजे तुमच्या क्वेऱ्या ज्याच्या फोनवर येऊन पडतात तो माणूस. त्यामुळे दुसऱ्या टोकाचं सांगतो.

एका शिफ्टला माझ्याकडे १८ ते २० पेशंट असतात. मध्ये फोन वाजतो, क्वेरी. उघडली की आकडे दिलेले, खाली पर्याय, पहिला पर्याय बहुतेक वेळा जास्त वजनाचा. न उत्तर देता राहिलं तर स्मरणपत्र येतं, मग विभागप्रमुखांच्या यादीत नाव येतं. खरं सांगतो, पहिल्या दोन वर्षांत मी कित्येक ठिकाणी 'सहमत' दाबून पुढे गेलोय, कारण क्रायटेरिया खरंच बसत होते आणि पुढचा पेशंट वाट बघत होता. त्याचं मला आज वाईट वाटतं.

क्रायटेरिया बसत होते म्हणजे काय तेही सांगतो, कारण घोळ इथेच आहे. सेप्सिसच्या दोन व्याख्या एकाच वेळी चालू आहेत. जुनी १९९१ पासूनची, ताप, नाडी, श्वास, पांढऱ्या पेशी यातलं दोन बिघडलं आणि इन्फेक्शन असलं की सेप्सिस. नवीन २०१६ ची, त्यात इन्फेक्शनमुळे अवयव बिघडला पाहिजे, सोफा स्कोअर (अवयव किती बिघडले त्याचे गुण) दोनने वाढला पाहिजे. आता न्यूमोनिया झालेल्या माणसाला ताप येणार आणि नाडी वाढणारच, जुन्या व्याख्येने जवळजवळ प्रत्येक न्यूमोनिया सेप्सिस होतो. तुमच्या बाई जुन्या व्याख्येत बसतात, नवीन मध्ये नाही. मग हॉस्पिटल बिल करताना जुनी व्याख्या धरतं, इन्शुरन्सवाला नाकारताना नवीन धरतो, आणि दोघेही आपल्या जागी कागद दाखवू शकतात. सुरुवातीला मला वाटायचं हा वैद्यकीय वाद आहे. आता वाटतं की वैद्यकीय वाद होता, पण त्याच्या दोन्ही टोकांना पैसे बांधले गेल्यामुळे तो मिटतच नाही.

अजून एक, ज्याबद्दल कोडर मंडळी फारशी बोलत नाहीत. जास्त आजार लिहिले की पेशंटच्या मृत्यूची 'अपेक्षित' शक्यता वाढते, मग प्रत्यक्ष मृत्यू तेवढेच असले तरी हॉस्पिटल चांगलं दिसतं. म्हणजे नुसत्या बिलासाठी नाही, रँकिंगसाठी पण शब्द वाढवायला लावतात.

आणि तुम्ही लिहिलंत ना, 'बाई त्याच, औषधं तीच.' त्या बाईंना यातलं काही कळणार पण नाही. मेडिकेअरमध्ये अ‍ॅडमिट झालं की पेशंटचा वाटा ठरलेला असतो, २०२५ मध्ये १,६७६ डॉलर, मग डीआरजी १९५ असो की ८७१. त्यांच्या खिशातून एक डॉलर जास्त जात नाही म्हणून त्या कधी तक्रार करणार नाहीत. बिल फुगलं तर ओरडणारं कोणी त्या खोलीत नसतं. तुमच्यासारखी एखादी कोडर किंवा माझ्यासारखा डॉक्टर, एवढेच दोघं ते बघतात.

पण त्यांच्या कागदावर मात्र 'सेप्सिसचा इतिहास' कायमचा लागतो. पुढच्या वेळी साधा ताप घेऊन आल्या तर माझ्यासारखा कोणीतरी तो शब्द वाचून जास्त रक्त काढेल, जास्त सलाईन देईल. हृदय कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाला जास्तीचं सलाईन म्हणजे काय ते मी बघितलंय.

क्वेरी जरूर पाठवा, पण कोथरूडकर ताईंनी सांगितली तशी. 'निकालात निघाली का?' असा प्रश्न आला तर मी दहा सेकंदात खरं उत्तर देतो, आणि देताना बरं वाटतं.

---

श्टुटगार्टची_सिस्टर:

मी नवजात बाळांच्या विभागात नर्स आहे, मूळ गाव लातूर. अमेरिकेचं मला माहीत नाही पण इथलं सांगते. जर्मनीत २००३ पासून कमी वजनाच्या बाळांचे पैसे डीआरजीने आणि त्यात जन्माचं वजन हा मुख्य आधार, आठ ठिकाणी पायऱ्या आहेत, पायरीच्या एक ग्रॅम खाली असलं तरी पैसे एकदम वाढतात. युर्गेस आणि क्योबरलाइन नावाच्या दोन संशोधकांनी १९९६ ते २०१० च्या जन्मनोंदी बघितल्या, तर २००३ नंतर पायरीच्या जरासं खाली असलेली बाळं वाढलेली आणि जरासं वर असलेली कमी झालेली. कमीत कमी १२,००० बाळांचं वजन असं खाली दाखवलं गेलं आणि १० कोटी युरोपेक्षा जास्त पैसे हॉस्पिटलांना जादा मिळाले असा त्यांचा हिशेब.

सेप्सिसच्या दोन व्याख्या असतील, पण वजनकाट्याच्या नाहीत ना. मी रोज रात्री दीड किलोच्या आतली बाळं काट्यावर ठेवते, वीस ग्रॅम वाढले की आई रडते आनंदाने. तो आकडा कोणी पैशासाठी हलवला असेल हे वाचून मला फार त्रास झाला होता.

---

सांगलीचा_मुलगा:

मी कोडिंगमधला नाही, इथे नुसता वाचक, पण ताई तुमचं वाचून आमच्या घरचं लिहावंसं वाटलं.

चार वर्षांपूर्वी बाबांना जुलाब उलट्या झाल्या, दोन दिवस सलाईन लावून बरे झाले. मेडिक्लेम होता. तेव्हा हॉस्पिटलातल्या टीपीए (विमा क्लेम बघणारी एजन्सी) डेस्कवरच्या माणसाने सांगितलं की नुसतं गॅस्ट्रो लिहिलं तर 'अ‍ॅडमिशनची गरज नव्हती' म्हणून कॅशलेस नाकारतात, डॉक्टर बरोबर लिहितील काळजी करू नका. आम्ही पण हो म्हणालो, आम्हाला पैसे वाचवायचे होते, हे मी लपवत नाही. डिस्चार्ज समरीत आलं, 'अक्यूट गॅस्ट्रोएन्टरायटिस, सिव्हियर डिहायड्रेशन, अक्यूट किडनी इंज्युरी.' क्रिएटिनिन एकदा १.४ आलं होतं आणि दुसऱ्या दिवशी १.० झालं होतं, त्यावरून. क्लेम पास झाला, आम्ही खूश.

गेल्या वर्षी बाबांची पॉलिसी दुसऱ्या कंपनीत न्यायला निघालो, तर जुने क्लेमचे कागद मागितले आणि तो किडनीचा शब्द वर आला. किडनीच्या सगळ्या तपासण्या मागितल्या, तीन महिने गेले, शेवटी प्रस्ताव नाकारला. बाबांची किडनी उत्तम आहे. पण त्यांना आता स्वतःलाच वाटतं की आपल्याला काहीतरी होतं आणि पोरांनी लपवलं. डाळ खायची बंद केली होती मध्ये. हे कसं समजवायचं माणसाला, की तो आजार कागदावर होता अंगात नव्हता?

---

आरोग्यमित्र_सोलापूर:

सांगलीकर, एकदा नेफ्रॉलॉजिस्टला नेऊन दाखवा आणि किडनी चांगली आहे असं त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या, बाबांसाठी पण आणि फाइलसाठी पण.

आमच्याकडे, म्हणजे महात्मा फुले योजनेत, डीआरजी नाही, पॅकेज आहे. २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून सुरू झाली तेव्हा पहिल्या ८ जिल्ह्यांत सोलापूर होतं. इथे आजार किती गंभीर त्याच्यावर वजन नाही, कोणतं पॅकेज बसतं त्याच्यावर पैसे. त्यामुळे इथे दुसऱ्या प्रकारचा ताण येतो. पेशंटला चार त्रास असतात, एकाचं पॅकेज असतं, मग केस पेपरवर त्याच एकाचं नाव मोठं होतं आणि बाकीचे तीन डिस्चार्ज कार्डावर येतच नाहीत. गावाकडच्या डॉक्टरला ते कार्ड घेऊन पेशंट जातो तेव्हा त्याला वाटतं एवढाच आजार होता. फुगवण्याबद्दल सगळे बोलतात, हे गाळण्याबद्दल कोणी बोलत नाही. प्रीऑथला (उपचाराआधीच्या मंजुरीला) एक्सरे, फोटो, रिपोर्ट अपलोड करावेच लागतात त्यामुळे नसलेला आजार दाखवणं अवघड जातं, पण असलेला न लिहिणं कुठेच अडत नाही.

आणि आयुष्मानच्या २०२२ च्या नवीन दरांबरोबर डीआरजीचा पायलट जाहीर झाला होता, पाच राज्यांत, त्यात महाराष्ट्र पण होता. म्हणजे तुम्ही ऐरोलीत बसून जे अमेरिकेसाठी शिकताय ते इथे यायला लागलं तर ते कसं चुकतं हे माहीत असलेली माणसं इथे आधीच आहेत. म्हणून म्हणतो ताई, हे शिकून घ्या नीट आणि सोडून जाऊ नका.

---

नवीन_इनपेशंट (ऐरोली):

सगळ्यांचे मनापासून आभार, काल रात्री सगळं दोनदा वाचलं. सांगलीकर, तुमच्या बाबांचं आईला पण वाचून दाखवलं.

क्वेरी पाठवली. साचा वापरला नाही, कोथरूडकर ताईंनी लिहिलं तशीच सरळ विचारली, लॅक्टेट आणि बीपी पण टाकलं, शीर्षक 'पहिल्या नोटमधल्या निदानाबद्दल' एवढंच. टीएलना आधी मेल केला, मार्गदर्शक सूचनांचा तो परिच्छेद लावून. ते काही बोलले नाहीत, फक्त 'ओके, या वेळी' असं उत्तर आलं.

आज सकाळी डॉक्टरांचं उत्तर आलं. 'सेप्सिस पहिल्याच दिवशी निकालात, फक्त न्यूमोनिया.' चार्ट १९५ वरच फायनल झाला.

आणि त्याच दिवशी दुसऱ्या चार्टवर उलटं झालं. सॅच्युरेशन ८४, हाय फ्लोवर १६ तास, बोलताना वाक्य पूर्ण होत नव्हतं आणि निदानात फक्त 'हायपॉक्सिया'. मी तशीच मोकळी क्वेरी टाकली आणि डॉक्टरांनी अक्यूट रेस्पिरेटरी फेल्युअर लिहिलं. ते करताना हात अजिबात थांबला नाही.

आता एकच विचारायचंय. आमच्या शीटमध्ये पहिल्या क्वेरीसमोर 'नो इम्पॅक्ट', म्हणजे पैशात फरक नाही, असं पडलंय आणि दुसरीसमोर आकडा. महिन्याच्या शेवटी ज्यांचे नो इम्पॅक्ट जास्त त्यांना मीटिंगला बोलावतात असं ऐकलंय. त्या मीटिंगमध्ये काय बोलायचं?

---

कोथरूडकर_सीसीएस:

दोन्ही चार्ट घेऊन जा, शेजारी शेजारी ठेव. आणि त्यांना विचार की क्लायंटकडे ऑडिट आलं तर यातल्या कुठल्या क्वेरीचा कागद दाखवायला आवडेल. मीटिंग कधी आहे ते इथे टाक, आदल्या रात्री आपण मुद्दे काढू. डॉक्टरसाहेब, तुम्ही पण थांबा, तुमची मदत लागेल.

---

ओहायोतला_वैद्य:

आहे मी. तुमची रात्र म्हणजे माझी सकाळ, राउंडच्या आधी बसतो.